एक लाख मृतांचे खोटे वादळ आणि हमरापूरचे खरे नुकसान

१/२१
६ जून १८८२. मुंबईवर चक्रीवादळ आदळले, समुद्र शहरात शिरला आणि एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जगातील भीषण आपत्तींच्या याद्यांत आणि त्यांवरून उतरवलेल्या असंख्य मजकुरांत ही नोंद वर्षानुवर्षे सापडते. अडचण एवढीच की असे वादळ झालेच नाही. न झालेले वादळ लक्षात का राहते आणि झालेली वादळे का विसरली जातात, याचा हा धागा. 🧵

२/२१
आधी पडताळणी. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लाख मृत म्हणजे दर आठ रहिवाशांमागे एक. त्या वेळी शहरात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘मुंबई समाचार’ निघत होते, पुण्यात ‘केसरी’ दुसऱ्या वर्षात होता आणि कुलाबा वेधशाळा नियमित नोंदी घेत होती. एवढा संहार या सर्वांच्या नजरेतून निसटणे अशक्य. कोलंबिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळांचा अभ्यास करताना या घटनेचा शोध घेतला. तत्कालीन पुरावा मिळाला नाही.

३/२१
तरीही ही कथा टिकली, कारण तिच्याकडे तीन गोष्टी आहेत: प्रसिद्ध शहर, नेमकी तारीख आणि गोल आकडा. इतिहास पाठ करणाऱ्यांना एवढे पुरते. आता अशी घटना पाहावी जिच्याकडे तारीख आहे, पुरावा आहे, जिचे साक्षीदार आजही हयात आहेत, पण शहर नाही आणि मृतांचा मोठा आकडाही नाही. स्थळ: हमरापूर, तालुका पेण, जिल्हा रायगड. दिवस: ३ जून २०२०.

४/२१
पनवेल-रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडचे स्थानक म्हणजे हमरापूर. पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या, पश्चिमेला धरमतर खाडीपर्यंत पसरलेला सपाट खारेपाट. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांची ओळख गणेशमूर्तींच्या कारखान्यांची. येथे ‘कारखाना’ म्हणजे धुराडी नव्हेत. घराची पडवी, अंगणातला मांडव, पत्र्याची शेड, बांबू, ताडपत्री आणि त्याखाली रांगेने मांडलेल्या शेकडो, कधी हजारो मूर्ती.

५/२१
‘निसर्ग’ चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. किनारा ओलांडून ते ईशान्येकडे सरकले. पेण तालुका अलिबागच्या ईशान्येलाच आहे. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागच्या वाड्यांत सुपारी आणि नारळाची झाडे कोसळली. पेणच्या मूर्तींच्या पट्ट्यात कारखान्यांवरचे पत्रे उडाले, ताडपत्र्या फाटल्या आणि पाऊस थेट मूर्तींवर आला.

६/२१
या नुकसानीचे स्वरूप समजण्यासाठी कामाचे वर्ष समजले पाहिजे. एक गणेशोत्सव संपतो न संपतो तोच पुढच्या हंगामाचे साचे निघतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कच्च्या मूर्ती काढून सुकवायच्या, घासायच्या, रचून ठेवायच्या. मग रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी. जूनच्या आरंभी कारखान्यात वर्षभराची मजुरी, माती, प्लास्टर आणि कर्ज मूर्तीच्या रूपाने उभे असते. विक्री मात्र अजून व्हायची असते. शाडूच्या कच्च्या मूर्तीवर पाऊस पडला की तिची पुन्हा माती होते.

७/२१
त्या वर्षी गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. वादळ आणि चतुर्थी यांत अंतर ८० दिवसांचे. मार्चच्या अखेरीपासून टाळेबंदी. कारागीर गावोगावी अडकलेले. मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, आणि काही दिवसांतच ती वर्षभरासाठी लांबणीवर पडली. जुलैत राज्य शासनाने सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंत असावी असे ठरवले. प्रत्येक निर्णयामागे कारण होते. पण तोवर चार फुटांहून उंच मूर्ती तयार झालेल्या होत्या, आणि त्यांचा खर्च कोणी सोसायचा हे कोणत्याही निर्णयात नव्हते.

८/२१
३ जूनच्या सायंकाळी राज्यभर एकच सुस्कारा उमटला: मुंबई वाचली. मृतांची संख्या कमी होती, ही खरोखरच दिलासा देणारी बाब. हवामान खात्याचा इशारा वेळेवर आला, किनाऱ्यावरील हजारो लोकांना आधीच हलवण्यात आले. परंतु या यशाचा एक विचित्र परिणाम झाला. मृत्यू थोडे, म्हणून वादळ छोटे, असा हिशेब रूढ झाला. प्राण वाचवणारी यंत्रणा जितकी कुशल, तितकी उपजीविकेची हानी नजरेआड, असा हा उलटा न्याय.

९/२१
येथे एक शब्द नेहमी कामी येतो: ‘अस्मानी’. अस्मानी संकट आले, त्यापुढे कोणाचा इलाज? असे म्हटले की चर्चा संपते. इतिहासाच्या अभ्यासकांनी या वापराला हरकत घेतली पाहिजे, कारण जुन्या मराठी कागदपत्रांत या शब्दाचे काम नेमके विरुद्ध होते. तेव्हा ‘अस्मानी’ म्हटल्यावर हिशेब सुरू होत असे.

१०/२१
अठराव्या शतकातील इजाऱ्याच्या आणि महसुलाच्या करारांत ‘आफत अस्मानी व सुलतानी’ असे कलम येते. अस्मानी म्हणजे अवर्षण, अतिवृष्टी, वादळ. सुलतानी म्हणजे फौजेची धामधूम, लूट, सत्तेमुळे ओढवलेली हानी. यांपैकी काही ओढवले तर पाहणी करून वसुलात सूट द्यायची, असा त्याचा अर्थ. आभाळ कोसळले हे मान्य केल्यावर सरकारवर एक बंधन येत असे: नुकसान पाहा, मोजा आणि तेवढे सोडा. ‘अस्मानी’ हा दैववाद नव्हता, तो कराराचा शब्द होता.

११/२१
पेणच्या परिसराला असा व्यवहार परका नव्हता. येथील बरीच भातजमीन समुद्राकडून मिळवलेली आहे. खाजणाला बांध घालायचा, उधाणाचे पाणी अडवायचे, पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे आणि काही वर्षांनी भात लावायचा. अशा जमिनींसाठी कुलाबा भागात ‘शिलोत्री’ ही पद्धत होती: बाहेरच्या बांधाची निगा राखणाऱ्याला त्या बदल्यात कुळांकडून धान्याचा वाटा. बांध फुटला, खांड पडली, तर ती बुजवण्याची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेले. उधाण येणार हे गृहीत होते, म्हणूनच त्याचा करारही होता.

१२/२१
या जुन्या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. सूट मिळवण्यासाठी कुळाला विनवण्या कराव्या लागत. मधला इजारदार किंवा खोत सरकारकडून मिळालेली सूट खाली पोचू देईलच याची हमी नसे. याच जिल्ह्यातील चरी गावात १९३३ साली खोतांविरुद्ध सुरू झालेला आणि १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप त्या अन्यायाची साक्ष आहे. मुद्दा मर्यादित आहे: नुकसान झाल्यावर सत्तेने हिशेबाला बसायचे असते, हे तत्त्व तेव्हाच्या भाषेत होते.

१३/२१
१८१८ नंतर ते तत्त्व आकसले. मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीत सारा दीर्घ मुदतीसाठी ठरवला गेला. त्यामागचा युक्तिवाद असा: सारा बेताचा आहे, चांगल्या वर्षी उरलेले वाईट वर्षी पुरवावे, म्हणून सूट ही अपवादानेच. कागदावर हे तर्कशुद्ध दिसते. वीस-पंचवीस गुंठ्यांच्या धन्याला मात्र चांगल्या वर्षी उरते काय? अस्मानी येथून कलमातून बाहेर पडली आणि ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग झाली.

१४/२१
स्वतंत्र भारताने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ केला. त्याच्या कलम १२ मध्ये मदतीच्या किमान मानकांत जीवितहानी, घरांचे नुकसान आणि उपजीविकेची साधने पूर्ववत करणे, या तिन्हींसाठी साहाय्याचा उल्लेख आहे. उपजीविका हा शब्द कायद्यात स्पष्ट आहे. आता दर पाहावेत. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत हस्तकला कारागिरासाठी मदत होती: हत्यारे-अवजारांसाठी ४,१०० रुपये आणि कच्चा किंवा तयार माल गेल्याबद्दल ४,१०० रुपये. वर्षभराच्या मालासाठी चार हजार शंभर. कायद्याने शब्द दिला आणि निकषाने त्याची किंमत ठरवली.

१५/२१
न्याय म्हणून हेही नोंदवले पाहिजे की निसर्ग वादळानंतर राज्य शासनाने रायगडसाठी तातडीने १०० कोटी रुपये जाहीर केले आणि बागायतीची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपयांवर नेली. म्हणजे दर वाढवता येतात. ते आकाशातून पडत नाहीत, माणसे ते ठरवतात. मग बागेचा दर बदलतो आणि मूर्तीचा मांडव चर्चेत येत नाही, यामागे निसर्गनियम कोणता? कोणताच नाही. ज्याचे नुकसान मोजण्याची सवय आहे त्याचे मोजले जाते.

१६/२१
भाताचीही कथा वेगळी नाही. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ उठले. ते भारताच्या किनाऱ्याला टेकलेही नाही, म्हणून वादळांच्या कथांत त्याला जागा नाही. पण त्या काळातील विजांसह कोसळलेल्या पावसाने कोकणात कापणीला आलेले भात आडवे केले; कापलेल्या पेंढ्यांना शेतातच कोंब फुटले. राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले. हिशेब गुंठ्याला सुमारे ८० रुपयांचा. वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याला वर्षाच्या तांदळाबद्दल १,६०० रुपये.

१७/२१
वर्तमानपत्रे अशा रकमेला ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. शासनाचे निकष तसे म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेत हे तातडीचे साहाय्य आहे, भरपाई नव्हे. या एका शब्दात सारा वाद आहे. शिवाय मोजायचे काय हेही यादीवर अवलंबून. २०२० साली केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ होते, गारपीट होती, ढगफुटी होती. वीज कोसळणे नव्हते. महाराष्ट्राने वीज आणि अवेळी पाऊस यांना स्वतःच्या अधिकारात स्थानिक आपत्ती मानले, पण त्यासाठी आपत्ती निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचाच वाटा वापरता येत असे. वळवाच्या विजेने बैलजोडी मेली तर ती कोणत्या रकान्यात बसते, हेही कोणीतरी ठरवावे लागते.

१८/२१
आक्षेप पहिला: वादळ अडवता येत नाही, मग दोष कोणाला? वादळ अडवता येत नाही हे खरे. पत्रा कशाने बांधला आहे, बांधाची डागडुजी कधी झाली, तिवरे शाबूत आहेत का, माल ठेवायला गावात एखादे पक्के गोदाम आहे का, विमा परवडतो का, या सर्व गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत. खारबांधांसाठी १९४८ चा आणि पुढे १९७९ चा कायदा झाला, तो याच जाणिवेतून. वारा अस्मानी असतो. छप्पर बहुधा सुलतानी असते.

आक्षेप दुसरा: असे नुकसान म्हणजे बातमी, इतिहास नव्हे. मग ज्या पेशवे दफ्तरातील कागदांवर अभ्यासक अभिमानाने लिहितात, त्यांत काय आहे? पीकपाणी, सूट, थकबाकी, दुरुस्तीचा खर्च. दोनशे वर्षांपूर्वीचा फुटका बांध इतिहास आणि गेल्या दशकातला उडालेला पत्रा किरकोळ, हा भेद कशाच्या आधारे?

१९/२१
विस्मरण एकट्या हमरापूरचे नाही. जुलै १९८९ मध्ये, २३-२४ तारखेच्या रात्री अंबा नदीला महापूर आला आणि जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले; नागोठण्यालाही त्याचा तडाखा बसला. किती इतिहासप्रेमींना ही तारीख ठाऊक आहे? २६ जुलै २००५ म्हटले की सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आठवतात. त्याच पावसात महाड परिसरातील जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते येथे दरडींखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. ती तारीख मात्र ‘मुंबईचा पूर’ या नावानेच स्मरणात राहिली.

२०/२१
आणखी एक विसंगती. सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास १८९३ पासून सांगितला जातो. त्यात लोकमान्य टिळक असतात, मेळे असतात, व्याख्याने असतात, मंडळांचे वाद असतात. मूर्ती कोणी घडवली, ती कोणत्या मांडवात सुकली, एका वर्षी पावसाने ती भिजली तेव्हा कर्ज कसे फेडले, हे प्रकरण त्या इतिहासात नसते. पेण आणि हमरापूरची मूर्ती मुंबई-पुण्याच्या आरतीत आहे, परदेशातील मराठी घरांतही आहे. तिचा कारखाना मात्र उत्सवाच्या इतिहासाबाहेर उभा आहे.

२१/२१
यावर उपाय आहे आणि तो तरुण अभ्यासकांच्या आवाक्यातला आहे. खोट्या १८८२ ची पोस्ट पुढे पाठवण्याआधी जनगणनेचा आकडा पाहावा. त्यानंतर आपल्या तालुक्यातील एका खऱ्या वादळाची फाईल उघडावी. पंचनाम्यांच्या प्रती तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत असतात. माहिती अधिकारात त्या मागता येतात. अलिबागच्या ‘कृषीवल’चे जुने अंक आहेत. १९८९ ची रात्र पाहिलेली माणसे जांभूळपाड्यात आहेत. हमरापूरच्या कारखानदारांच्या वह्यांत २०२० च्या हंगामाचा हिशेब आहे: किती मूर्ती काढल्या, किती भिजल्या, किती विकल्या, किती देणे राहिले.

हे कागद फार काळ टिकत नाहीत. वह्या रद्दीत जातात, फोनमधली छायाचित्रे फोनबरोबर जातात, माणसेही जातात. शंभर वर्षांनी कोणी विचारील की ३ जून २०२० रोजी काय झाले, तेव्हा ‘मुंबई वाचली’ एवढेच उत्तर मिळू नये. त्या उत्तराशेजारी हमरापूरचा हिशेबही असावा, आणि तो जुळवण्याचे काम आत्ताच व्हायला हवे.

(धागा समाप्त)